चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन कसं चालतं: अंशाअंशाने समजून घेऊ

इंजिन शिकायला बसलं की बहुतेकजण सुट्या भागांपासून सुरुवात करतात. हा पिस्टन, हा व्हॉल्व्ह, हा कॅमशाफ्ट. नावं पाठ होतात, पण इंजिन चालतं कसं हे हाती लागत नाही. माझ्या मते उलट्या बाजूने सुरुवात करावी. इंजिनातला जवळपास प्रत्येक भाग ठरलेली गोष्ट क्रँकशाफ्टच्या ठरलेल्या कोनात घडवून आणण्यासाठी बसवलेला असतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, पेट्रोल कधी सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं क्रँक किती अंश फिरला यावर ठरतं. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की इंजिन का थरथरतं, चढावर पिकअप का पडतो, मेकॅनिक कॉइलची अदलाबदल का करतो, हे आपोआप उलगडत जातं.

म्हणून आधी एका सिलिंडरमध्ये शिरलेल्या हवेचा माग काढू, मग बाकीचे तीन सिलिंडर जोडू, आणि मग बॉनेट उघडू.

आधी सांगाडा

उदाहरणासाठी १५०० सीसीचं इंजिन घेऊ. चार सिलिंडर, म्हणजे प्रत्येकी ३७५ सीसी. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली धाव ८५ मिलिमीटर धरली की हा आकडा जुळतो. पिस्टन कनेक्टिंग रॉडने क्रँकशाफ्टला जोडलेला असतो, आणि पिस्टनची सरळ धाव क्रँकशाफ्टवर गोल फिरण्यात बदलते. पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेला टीडीसी आणि सगळ्यात खाली असतो त्या जागेला बीडीसी म्हणतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रँक १८० अंश फिरतो.

पिस्टनच्या कडेला साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन वायूचा दाब अडवतात, खालची सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून परत खाली पाठवते. वर हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण असतं. त्यात आजच्या बहुतेक इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असतात: दोन हवा आत घेणारे, दोन धूर बाहेर सोडणारे. हे व्हॉल्व्ह कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा उघडतो आणि स्प्रिंगा बंद करतात. कॅमशाफ्टला क्रँकशी टायमिंग चेन किंवा टायमिंग बेल्टने असं जोडलेलं असतं की क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा पूर्ण होतो.

दोनास एक हे प्रमाण का? कारण पूर्ण चक्र चार धावांचं, म्हणजे ७२० अंशांचं असतं, आणि त्या चक्रात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायला हवा. हे चार धावांचं तत्त्व आल्फोन्स बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने १८६२ साली मांडलं, आणि निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये जर्मनीत ते चालत्या इंजिनात उतरवलं. मूळ क्रम तेव्हापासून तोच आहे.

पहिली धाव: हवा आत

इनटेक व्हॉल्व्ह उघडा, पिस्टन खाली निघालेला. सिलिंडरमधली जागा वाढते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा एअर फिल्टर, थ्रॉटल (हवेच्या वाटेतली उघडझाप करणारी चकती) आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्या) यांमधून आत ढकलली जाते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबून आपण थेट पेट्रोल वाढवत नाही, हवा वाढवतो. आजच्या गाड्यांत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबलही नसते. पेडलखालचा सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला सांगतो, ईसीयू छोट्या मोटरने थ्रॉटलची चकती उघडतो, किती हवा आली ते मोजतो आणि तेवढ्याच हवेपुरतं पेट्रोल सोडतो. हे प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं असतं. आकारमानात सांगायचं तर एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९००० लिटर हवा लागते. एअर फिल्टरची पेटी एवढी मोठी का असते, ते इथे कळतं.

पेट्रोल सोडायच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या मागे, पोर्टमध्ये तीन-चार बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) फवारा मारतो. दुसरीत, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये १५० ते ३५० बार दाबाने जातं. ते आतच वाफ होताना मिश्रण थंड करतं, त्यामुळे इंजिनाला जास्त दाब झेपतो. पण तिथे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साचत जातो. म्हणूनच काही इंजिनांत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर ठेवतात.

पिस्टन बीडीसीला पोहोचला तरी इनटेक व्हॉल्व्ह लगेच बंद होत नाही. धावत आलेल्या हवेला स्वतःचा वेग असतो; पिस्टन वर निघाला तरी ती क्षणभर आत येतच राहते. त्यामुळे व्हॉल्व्ह बीडीसीनंतर क्रँक आणखी बरेच अंश फिरल्यावर बंद होतो. किती उशीर करायचा ते वेगावर अवलंबून असतं. इंजिन सावकाश फिरत असताना तेवढाच उशीर केला तर आलेली हवा परत बाहेर ढकलली जाईल. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचं काम हेच आहे: ऑइलच्या दाबाने किंवा मोटरने कॅमशाफ्ट थोडा पुढे-मागे फिरवायचा आणि हा कोन वेगानुसार बदलायचा.

दुसरी धाव: दाब

आता सगळे व्हॉल्व्ह बंद. पिस्टन वर येतो आणि मिश्रण मूळ आकाराच्या दहाव्या ते तेराव्या हिश्शात कोंबलं जातं. या प्रमाणाला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. नुसत्या दाबण्यानेच मिश्रणाचं तापमान ४०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. जितकं जास्त दाबाल तितका तोच वायू पेटल्यावर जास्त प्रसरण पावतो, आणि तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळतं.

तिसरी धाव: ठिणगी आणि ताकद

इथे थोडं थांबू, कारण सगळी ताकद याच धावेतून येते.

ठिणगी पिस्टन वर पोहोचल्यावर पडते असं वाटेल, पण ती आधीच पडते, साधारण १० ते ३५ अंश आधी. मिश्रण एका झटक्यात फुटत नाही. स्पार्क प्लगपाशी ज्योत जन्म घेते आणि तिथून भिंतींकडे पसरत जाते. हे पसरायला वेळ लागतो. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो, म्हणजे एक अख्खी धाव १० मिलिसेकंदांत संपते आणि जळण्याला त्यातले दोन-तीन मिलिसेकंद हवे असतात. आतला दाब कमाल कधी व्हावा? टीडीसीनंतर साधारण १२ ते १५ अंशांनी. सायकलचं पेडल बरोबर वर असताना कितीही जोर लावला तरी चाक फिरत नाही, पेडल थोडं पुढे आल्यावरच जोर लागू पडतो. क्रँकचं तसंच आहे. तो क्षण साधायचा तर ठिणगी आधी पाडावी लागते. वेग वाढला की आणखी आधी. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असेल तर थोडी उशिरा, कारण घट्ट मिश्रण भरभर जळतं.

ठिणगीसाठी ०.७ ते १.१ मिलिमीटरची फट ओलांडायची असते. उघड्या हवेत ते सोपं आहे, पण दाबलेल्या मिश्रणात तीच फट ओलांडायला १५ ते ३० हजार व्होल्ट लागतात. हे व्होल्ट बॅटरीच्या विजेपासून कॉइल तयार करते, आणि आजकाल प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल: दाब जितका जास्त तितके व्होल्ट जास्त लागतात. म्हणून कमकुवत कॉइल आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, निमूट चालते आणि चढावर, भाराखाली दगा देते.

पूर्ण भाराखाली सिलिंडरमध्ये ६० बारच्या आसपास दाब होतो. आपल्या ७५ मिलिमीटरच्या पिस्टनवर तो अडीच टनांहून जास्त वजनाइतका जोर देतो. ज्योतीचं तापमान २००० अंशांच्या वर जातं, आणि पिस्टन तर ॲल्युमिनियमचा, जो ६६० अंशांना वितळतो. तो वाचतो कारण ही आग काही मिलिसेकंदांचीच असते, मधल्या वेळेत थंड हवा येऊन जाते आणि पिस्टनची उष्णता रिंगा, भिंती आणि ऑइल सतत वाहून नेतात.

कधीकधी ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. धातूवर टकटक झाल्यासारखा आवाज येतो, आणि फार काळ चाललं तर पिस्टन खराब होतो. पेट्रोलचा ऑक्टेन नंबर म्हणजे या आपोआप पेटण्याला ते किती दाद देत नाही त्याचं माप. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ही टकटक ऐकतो आणि ईसीयू लगेच ठिणगी काही अंश मागे घेतो, म्हणजे उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, थोडी ताकद जाते. ज्या इंजिनाला साधं पेट्रोल चालतं असं कंपनीने लिहून दिलंय, त्यात महाग, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून फारसा फरक का पडत नाही, त्याचं कारण हेच: मागे घ्यायला काही नसेल तर परत मिळवायलाही काही नसतं.

चौथी धाव: धूर बाहेर

पिस्टन खाली पोहोचण्याआधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. थोडा जोर वाया जातो, पण उरलेला दाब स्वतःच धूर बाहेर फेकतो आणि पिस्टनला तो रेटत बसावं लागत नाही. टर्बो असेल तर याच धुराच्या जोरावर तो फिरतो आणि पुढच्या धावेसाठी जास्त हवा कोंबतो. मग पिस्टन टीडीसीला येतो, इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागतो आणि ७२० अंश पूर्ण होतात.

आता चारही सिलिंडर एकत्र

सिलिंडर एकच असता तर ७२० अंशांतले जेमतेम १८० अंश ताकदीचे, बाकी सगळं ओझं. चार असले की दर १८० अंशांना एकजण ताकद देतो. पहिला आणि चौथा पिस्टन एकत्र वर-खाली होतात, दुसरा आणि तिसरा त्यांच्या उलट. सगळ्यात प्रचलित क्रम १-३-४-२ असा आहे:

- पहिला अर्धा फेरा: १ मध्ये जळण, ३ मध्ये दाब, ४ मध्ये हवा आत, २ मधून धूर बाहेर.
- दुसरा: ३ मध्ये जळण, ४ मध्ये दाब, २ मध्ये हवा आत, १ मधून धूर बाहेर.
- तिसरा: ४ मध्ये जळण, २ मध्ये दाब, १ मध्ये हवा आत, ३ मधून धूर बाहेर.
- चौथा: २ मध्ये जळण, १ मध्ये दाब, ३ मध्ये हवा आत, ४ मधून धूर बाहेर.

हे चार ओळींचं कोष्टक एकदा कागदावर स्वतः काढून पाहा. वाचून जे कळत नाही ते काढताना कळतं.

दोन पिस्टन वर, दोन खाली, म्हणजे तोल बरोबर साधला पाहिजे. तो पूर्ण साधत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे क्रँक टीडीसीपासून ९० अंश फिरतो तोवर पिस्टन अर्ध्याहून जास्त खाली आलेला असतो. वरच्या अर्ध्यात त्याची धाव वेगवान, खालच्या अर्ध्यात जरा संथ. त्यामुळे वर जाणाऱ्यांचा आणि खाली येणाऱ्यांचा जोर एकमेकांना पूर्ण खोडत नाही, आणि क्रँकच्या दुप्पट वेगाने एक थरथर उरते. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच यावर उपाय दिला: क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट. मोठ्या चार-सिलिंडर इंजिनांत ते आजही सापडतात. लहान इंजिनांत बहुधा रबरी माउंटिंगवर भागवतात, आणि ती माउंटिंग जुनी झाली की थरथर थेट स्टिअरिंगवर येते.

कोनाचा हिशेब ठेवतो कोण

क्रँकशाफ्टवर एक दातेरी चक्र असतं. ६० दात्यांची जागा आणि त्यातले दोन गाळलेले, ही रचना फार सर्रास दिसते. प्रत्येक दाता ६ अंशांचा, आणि मोकळी जागा म्हणजे मोजणीची सुरुवात. पण पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात. त्यातला दाबाच्या धावेवर कोणता, हे क्रँक सांगू शकत नाही. ते कॅमशाफ्टचा सेन्सर सांगतो. क्रँक सेन्सर गेला की बहुतेक गाड्या सुरूच होत नाहीत, कॅम सेन्सर गेला तर अनेक गाड्या उशिरा का होईना सुरू होतात. फरक यातूनच येतो.

पेट्रोल बरोबर पडलं का, ते एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पाहतो. धुरात ऑक्सिजन उरला तर पेट्रोल कमी पडलं, उरला नाही तर जास्त. ईसीयू त्यानुसार पेट्रोल सतत टक्क्याटक्क्याने कमी-जास्त करत राहतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. १४.७ चा आग्रह कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठीही आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा मुलामा असलेली ती जाळी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हे तिन्ही एकाच वेळी फक्त या प्रमाणाच्या अगदी आसपासच साफ करू शकते.

थंड गाडी सुरू केल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट नीट ऐका. आरपीएम हजाराच्या वर, आवाज जाडसर, धूर जास्त गरम. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून ईसीयू मुद्दाम ठिणगी उशिरा पाडतो आणि उष्णता एक्झॉस्टमध्ये ढकलतो. काही वेळाने आरपीएम ७०० ते ८०० वर येऊन बसतो. हे बिघाडाचं लक्षण नाही, इंजिन ठरल्याप्रमाणे वागतंय.

आणखी एक गोष्ट स्वतः अनुभवण्यासारखी. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की ईसीयू इंजेक्टर बंदच करतो. चाकं इंजिन फिरवतात आणि पेट्रोल शून्य लागतं. न्यूट्रल केलं तर मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल पडतं. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं हा समज आजच्या इंजिनांना लागू नाही, शिवाय इंजिन ब्रेकिंग जातं ते वेगळंच.

ऑइल आणि कूलंट

क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकून फिरत नाही. पंपाने दाबलेल्या ऑइलच्या काही मायक्रॉन जाडीच्या पडद्यावर तो तरंगतो. हा पडदा फाटला तर काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं. म्हणून ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला तर घर गाठू असं म्हणायचं नाही. गाडी बाजूला, इंजिन तिथेच बंद.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा, परिस्थिती चांगली असताना, साधारण ३० ते ४० टक्के भाग क्रँकपर्यंत पोहोचतो. बाकीचा बराचसा भाग धूर आणि कूलंट यांच्यात वाटला जातो. थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या आसपास उघडतो आणि तोवर कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापावं. ही यंत्रणा दाबाखाली असते, त्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वरही उकळत नाही. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की दाब सुटतो आणि ते क्षणात उसळतं. झाकण फक्त थंड इंजिनावर उघडा.

बॉनेट उघडल्यावर: इंजिन मिसिंग करत असेल तर

इंजिन एकसारखं न चालता अडखळत असेल तर वर शिकलेल्या क्रमानेच शोध घ्यायचा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी जोरात पळवू नका. न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळू शकतो.

पहिली पायरी, ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, आणि असंच पुढे. पी०३०० म्हणजे एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. मग सगळ्यांना लागणारी गोष्ट शोधायची, हवा किंवा पेट्रोलचा दाब. फ्युएल ट्रिम इथे फार बोलका असतो. आयडलला ट्रिम (जादा सोडलेलं पेट्रोल) २० टक्क्यांच्या वर आणि आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल, तर थ्रॉटलनंतर कुठल्यातरी फटीतून हवा आत शिरतेय. उलट भाराखाली वाढत असेल तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर पुरा पडत नाही.

दुसरी पायरी, कोड एकाच सिलिंडरचा असेल तर इंजिन बंद करून त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा, कोड पुसा आणि गाडी चालवा. पी०३०१ चा पी०३०२ झाला तर कॉइल खराब. कोड जागचा हलला नाही तर तसंच प्लगचं करून पाहा. प्लग काढलाच आहे तर त्याचं टोक बघा: फिकट तपकिरी किंवा करडं असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओलसर, तेलकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय. पांढरं फटक आणि फुगलेलं म्हणजे जळण फार गरम. नवीन प्लग बसवताना फट तपासा आणि इंजिन थंड असतानाच कसा. गरम ॲल्युमिनियमचे आटे सहज जातात.

तिसरी पायरी, कॉइल आणि प्लग दोन्ही निर्दोष निघाले आणि इंजेक्टरही ठीक असेल, तर कॉम्प्रेशन तपासावं लागतं. इंजिन गरम हवं. चारही प्लग काढा, इंजेक्शन आणि इग्निशनचा वीजपुरवठा तोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि गेज लावून स्टार्टरने इंजिन फिरवा. आकडा किती आला याइतकंच चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. एक सिलिंडर बराच मागे असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने तेवढ्यापुरती फट बुजवली. चढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच मागे असतील, तर त्या दोघांमधला हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सील) गेलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि हेड उघडावंच लागतं.